मामकुळ वऱ्हाडातलं

आमच्याकडे सोयरीक जुळवायला बसलेली माणसं मुलीचं शिक्षण नंतर विचारतात. स्वभाव तर विचारतच नाहीत. पहिला प्रश्न असतो, "मामकुळ कोण?" म्हणजे मुलीच्या आईचं माहेर कुठलं, आडनाव काय, त्यांचे पाहुणेरावळे कोण. बापाचं घराणं गावाला दिसत असतं. काही काळंबेरं असलंच तर ते आईकडून आलं असणार, असा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळे एक पिढी मागे जाऊन एका बाईची झडती घ्यायची आणि ती चहा पीत, हसतखेळत घ्यायची, अशी ही रीत आहे.

माझ्या लेकीच्या सोयरिकीत हा प्रश्न आला तेव्हा मी आत पोहे परतत होते. बैठकीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "वऱ्हाडातले हायती. लय मोठं खानदान हाय." त्यांनी एक आडनावही सांगितलं. ते माझ्या माहेरचं आडनाव नव्हतं. त्या आडनावाच्या एकाही माणसाला मी उभ्या जन्मात भेटलेली नाही.

माझं माहेर पूर्णेचं. वडील रेल्वेत गँगमन होते. रुळांची देखभाल करायची, गिट्टी ओढायची, उन्हापावसात लाइनीवर चालायचं. पुढे धाकटा भाऊ त्याच कामावर लागला. आमची जात मी इथे लिहिणार नाही. तुम्ही एव्हाना अंदाज बांधायला लागला असाल. लागलाच असाल, आपल्याला सवयच आहे तशी. बांधा. एवढंच सांगते की सासरच्या जातीपेक्षा ती खालची मानतात आणि माझ्या सासरी तिचं नाव घ्यायची वेळ आली की दार लोटून घेतात.

घोटाळा असा झाला की मी गोरी जन्मले. आई काळी, वडील सावळे, भाऊ आईसारखा काळाकुळकुळीत, आणि मध्येच मी अशी. आजीवर गेले म्हणायचे सगळे. शाळेत बाई मला पहिल्या बाकावर बसवायच्या, समारंभात पाहुण्यांना ओवाळायला उभं करायच्या. भाऊ डबा द्यायला आला की विचारायच्या, "हा तुझा सख्खा भाऊ?" सख्खा या शब्दावर त्यांचा जोर असायचा. मी हो म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. गोऱ्या माणसाला आपल्याकडे जात विचारत नाहीत, परस्पर चांगली देऊन टाकतात.

परभणीला कृषी विद्यापीठात शिकत असताना हे भेटले. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचे. सोनपेठकडच्या गावातले, गोदावरीकाठची चांगली जमीन असलेले, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. मी पहिल्याच आठवड्यात माझी जात त्यांना सांगून टाकली होती, उगाच नंतर भानगड नको म्हणून. ते म्हणाले, "मला काय करायचंय?" आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. माझी आई अंबाडीची भाजी अशी करायची की ती खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. हे रोज यायला लागले. पूर्णेला घरी आले, आईच्या चुलीपुढे फतकल मारून जेवले, भावाच्या गळ्यात हात टाकून स्टेशनवर भजी खायला गेले. ते प्रेम खोटं होतं असं मला म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. ते खरं होतं. फक्त त्यांच्या गावाच्या वेशीच्या अलीकडे खरं होतं.

लग्न आम्ही परभणीत नोंदणी करून केलं. मंडप नाही, अक्षता नाहीत, मानपान नाही. मला ते फार पुढारलेलं वाटलं होतं. माझ्याकडचं एकही माणूस त्यांच्या गावानं पाहिलं नाही, ही सोय त्यात होती, हे मला फार उशिरा कळलं.

मला घेऊन हे घरी गेले तेव्हा सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. "गोरी हाय की गं," त्या म्हणाल्या, "सांगून बी पटायचं न्हाई कुणाला." आणि तिथल्या तिथे, गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांनी ठरवून टाकलं. "वऱ्हाडातली हाय म्हणून सांगायचं. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ लांब असतेत." वऱ्हाड त्यांनी बरोबर निवडलं होतं. चौकशीला कोणी उठून जाणार नाही इतकं लांब, आणि माझी बोली खटकणार नाही इतकं जवळ. माझे आईवडील दोघंही तेव्हा पूर्णेला धडधाकट होते. यांनी माझ्याकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला. "बघ, आई तयार झाली," म्हणाले.

आई एकदाच आली. डब्यात अंबाडीची भाजी घेऊन. शेजारच्या बाया जमल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला लहानपणी सांभाळायला हुत्या या." आईनं मान हलवली, जणू खरंच सांभाळायला होती. हे समोर बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत राहिले. मी आईला एसटीत बसवायला गेले तर ती म्हणाली, "च्या चांगला हुता." पुन्हा ती कधी आली नाही. मीच जात राहिले, ती असेपर्यंत.

भाऊ मात्र येत राहिला. "पूर्णेचा, वळखीचा पोरगा हाय" एवढ्या ओळखीवर तो ओसरीवर बसायचा, कपातून नव्हे, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून चहा प्यायचा. भाऊबीजेला तो कधी आला नाही. त्या दिवशी आला असता तर शेजाऱ्यांना कळलं असतं. तो दुसऱ्या दिवशी यायचा. धान्याच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमध्ये पाट मांडून मी त्याला ओवाळायचे. निरांजनाच्या उजेडात त्याचे दात तेवढे चमकायचे. "आक्का, हितं बरं हाय, गारवा हाय," म्हणायचा. मला त्या समजूतदारपणाचा संताप यायचा. एखाद्या वर्षी तरी त्यानं ताट भिरकावून द्यावं असं वाटायचं.

मग मुलगी झाली. काळी. नाक, कपाळ, भुवया, सगळा माझा भाऊ. बघायला आलेल्या बायांना सासूबाईंनी लगेच सांगितलं, "वऱ्हाडाकडं ऊन लय. तिकडच्या लोकांवर गेली." पोटातल्या पोरीला वऱ्हाडातलं ऊन कसं लागलं, हे एकीनंही विचारलं नाही. साय लावा, हळद लावा, डाळीचं पीठ लावा, असे सल्ले देऊन बाया गेल्या. पुढे मुलगा झाला, माझ्यासारखा, आणि घरात पेढे वाटले.

लेक मोठी होताना सासूबाईंनी तिला एक नियम घालून दिला होता. काळ्या पोरीनं पिवळं घालायचं नाही. फिकट गुलाबी घालावं, आभाळी घालावं, म्हणजे रंग झाकतो. भावाला हे समजलं तेव्हा तो पूर्णेच्या बाजारातून तिच्यासाठी हळदीसारखा पिवळाधमक फ्रॉक घेऊन आला. "पोरगी पिवळ्यात लय खुलती," म्हणाला. सुट्टीत मी तिला पूर्णेला न्यायचे तेव्हा ती तो फ्रॉक घालून मामाच्या खांद्यावर बसून गावभर फिरायची. "माझा मामा, माझा मामा," म्हणून सगळ्यांना सांगायची. गावी परत आल्यावर कोणाला सांगायचं नाही हे ती फार लवकर शिकली. पोरं असलं काही सांगायच्या आधीच शिकतात.

तिनं मुलगा स्वतःच पाहिला. परभणीला बरोबर शिकत होते दोघं. मुलाच्या घरचं बियाण्याखतांचं मोठं दुकान, शेती, शिवाय जात यांचीच. त्यामुळे प्रेमाचं लग्न असूनही सगळं रीतीप्रमाणे, बैठकीत बसून ठरलं. मुलगा चांगला होता. तिच्याकडे पाहताना त्याचे डोळे लबाडी करत नव्हते. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण असे डोळे मी आधी एकदा पाहिले होते.

लग्न थाटात होणार होतं, म्हणजे मंडपात मामा लागणार होता. आमच्याकडे मामाशिवाय मुलगी बोहल्यापर्यंत पोचत नाही. माइकवरून पुकारा होतो, मामा मुलीचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ती नेसते ती पिवळी साडीही मामाचीच असते. सगळ्या लग्नात आईच्या माहेराला एवढीच एक जागा.

मी यांना सांगितलं, "माझा भाऊ उभा राहील."

ते लगेच चिडले नाहीत. माझ्याजवळ येऊन बसले. "एका दिवसाचा प्रश्न आहे," म्हणाले. "मी त्याला कधी परका मानलंय का?"

"चार लोकांत माना ना मग."

"पोरीचं लग्न मोडायचंय का तुला?"

मला वाटलं होतं, लेक माझ्या बाजूनं बोलेल. ती दारात उभी राहून ऐकत होती. आत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आई, एकच दिवस. मामाला मी समजावते. त्याला वाईट नाही वाटणार." त्याला वाईट वाटत नाही, हा आमच्या घराचा किती जुना आणि किती सोयीचा शोध होता! मी तिचं डोकं मांडीवरून बाजूला केलं. मग ती रडली. ती खरंच प्रेमात होती. माझ्या प्रेमापायी माझी आई सांभाळणारी बाई झाली होती, आता तिच्या प्रेमापायी माझा भाऊ कोणीच होणार नव्हता.

तिनं त्याला फोन केला. तो काय म्हणाला ते मला शेजारी उभी राहून ऐकू आलं. "बरंच झालं की बेटा. मला कुठं फेटा बांधायचा, डोकं खाजतंय." मग म्हणाला, "साडी तर माझी नेसशील ना?"

मामा यांनी वऱ्हाडातून, वाशिमकडून आणला. यांचा जुना मित्र, उंचापुरा, गोरापान, फेटा शोभणारा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो आला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि माझ्या लेकीला जवळ बोलावून म्हणाला, "नाव काय बेटा तुझं?" सगळे हसले. तीही हसली. त्याचा दोष नव्हता म्हणा, मित्राच्या शब्दाखातर आलेला सरळ माणूस होता.

भावानं साडी पाठवली. नुसती पाहिली तरी नजर खिळावी अशी, भरजरी काठाची, हळदीच्या रंगाची. सासूबाईंनी काठ चिमटीत धरून पाहिला, पदर उलटापालटा केला. "चांगली हाय. आता दुसरी कशाला घ्यायची?" असं म्हणून त्यांनी ती ताटात ठेवली, वर नारळ ठेवला आणि ते ताट वाशिमच्या मामाच्या हातात दिलं. पिवळ्या रंगाबद्दल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. माणूस चालत नव्हता, त्याची साडी चालत होती. मी यांच्याकडे पाहिलं. ते केटररशी बोलायला निघून गेले.

भाऊ लग्नाला आला. येऊ नको म्हणायची हिंमत कोणाला झाली नव्हती, आणि ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. स्वच्छ पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत, पंख्याखाली बसला होता. मी स्टेजच्या कडेला उभी होते. तिथून तो मला सरळ दिसत होता.

माइकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

आणि तो उठला. पुढे जायचा त्याचा विचार नसणार, आपसूकच उठला असणार. ती जन्मल्यापासून तो या हाकेची वाट पाहत होता. उभा राहिला, एक पाऊल टाकलं, मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं खिसे चाचपल्यासारखं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसला. शेजारच्या माणसानं काहीतरी विचारलं तर हसून मान हलवली. पलीकडून वाशिमचा मामा, फेट्याचा तुरा सावरत, माझ्या काळ्या लेकीला त्या पिवळ्या साडीत घेऊन येत होता. खरंच खुलून दिसत होती ती. अक्षता पडत राहिल्या. मी एकही टाकली नाही. त्या मुठीत घामानं भिजून गेल्या. आजही त्या मंडपातल्या प्रत्येकाचा मला राग येतो आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

जेवणं झाल्यावर मी त्याला शोधलं तर तो हात धूत होता. "येसर मस्त झालं हुतं," म्हणाला. लग्नाच्या आमटीबद्दल बोलत होता. मग हळूच म्हणाला, "म्हन्लं न्हवतं का आक्का, पिवळ्यात लय खुलती म्हणून?"

पुढच्या वर्षी लेक बाळंतपणाला घरी आली. तिला मुलगी झाली. बारशाला घर भरलं. विहीणबाई, त्यांच्या जावा, गावातल्या बाया, सगळ्या पाळण्याभोवती, आणि आजोबा म्हणून दोरी धरायला हे. भाऊ ओसरीवर बसलेला, मांडीवर कागदात गुंडाळलेली कुंची. कागद फाटला होता आणि आतला पिवळा रंग दिसत होता.

पाळण्यातली मुलगी काळी होती.

विहीणबाईंनी तिच्या गालाला बोट लावलं. "आईवर गेली, पण हा रंग मुळात आला कोणाकडून? आमच्यात तर एवढं काळं कोणीच नाही."

सासूबाईंनी तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं. वऱ्हाडातलं ऊन येणार होतं. आणि माझ्या आत इतकी वर्षं दाबून बसलेलं काहीतरी उसळून वर आलं. त्या बोलायच्या आत मी म्हणाले, "माझ्या भावावर गेलीय."

विहीणबाई हसल्या. "चला, काहीतरीच! मामा तर केवढे गोरेपान. फोटोत बघा ना."

"ते माझे भाऊ नाहीत," मी म्हणाले. "माझा सख्खा भाऊ हा बघा, ओसरीवर बसलाय. पूर्णेला रेल्वेत आहे. नीट बघा त्याच्याकडे आणि मग पोरीकडे बघा."

सगळ्या बाया वळल्या. पाळण्याची दोरी धरलेला यांचा हात थांबला. माझी लेक पलंगावर बसली होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं माझ्याकडे नाही पाहिलं, मामाकडे पाहिलं. लहानपणी पूर्णेला कुत्रं अंगावर आलं की पाहायची, तसं.

मी भावाकडे पाहत होते. आता तो उठेल, म्हणेल, हो, मीच. एवढंच म्हणायचं होतं त्यानं. बाकी जे व्हायचं ते मी निस्तरलं असतं. माझ्या गोरेपणासकट सगळं चुलीत घातलं असतं.

तो उठला. पण आधी त्यानं लेकीचं तोंड पाहिलं होतं. मोठ्यानं हसला आणि विहीणबाईंकडे पाहून हात जोडले.

"वैनी गंमत करायल्यात," तो म्हणाला. "लय चेष्टेखोर हायती. आमी कुठले भाऊ, आमी आपले वळखीचे."

एक क्षण गेला आणि मग सगळ्या हसल्या. विहीणबाई तर डोळे पुसत हसल्या. "मी म्हटलं, खरंच की काय!" सासूबाईंनी चहा आणायला सांगितला, पाळणा पुन्हा हलायला लागला. खरं काय ते मी भर घरात, सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं आणि त्याचा विनोद झाला होता. लेकीनं पदरानं कपाळाचा घाम टिपला.

लहानपणापासून त्यानं मला आक्काशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

तो कुंची उंबऱ्यावर ठेवून पायात चपला घालत होता. मी त्याच्या मागे बाहेर गेले, त्याचा दंड धरला. "थांब," म्हणाले, "जेवून जा."

त्यानं माझा हात हलकेच सोडवला. दाराकडे एकदा पाहिलं, आत अजून हसणं चालूच होतं.

"येतो वैनी," तो म्हणाला, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.